बोर्ड नसलेला खेळ

आमच्या अंबरनाथच्या शाळेत नेटबॉल आला तो स्त्रियांच्या प्रगतीसाठी वगैरे अजिबात नाही. कबड्डीत आम्ही दरवर्षी पहिल्याच फेरीत मार खायचो आणि नेटबॉलचे जिल्ह्यात जेमतेम चार संघ होते, म्हणून आला. "त्यातले दोन तर येणारच नाहीत," आमच्या पीटीच्या बाई म्हणाल्या. नव्वदच्या आसपास आमच्या भागात महिला क्रीडाविकास झाला तो असा.

खेळ मुलींचा. बास्केटबॉलसारखीच रिंग, पण मागे बोर्ड नाही. चेंडू घेऊन पळायचं नाही, उभ्या जागेवरून नेमका रिंगेत टाकायचा. बाईंनी शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी वेल्डरकडून खांब करून घेतले. बोडकी रिंग त्याला बघवेना. "मॅडम, पीछे कुछ नहीं? बॉल सीधा नाले में जाएगा!" म्हणत त्याने स्वतःहून प्लायवूडचे बोर्ड ठोकून दिले, तेही फुकट. फुकट ते पौष्टिक, या न्यायाने बाईंनी ते राहू दिले.

गोल टाकणारी मी. वर्षभर बोर्डावर चेंडू आपटून इतके गोल केले की माझ्या डोक्यात हवा गेली. बाबांनी बजावलं होतं, "जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर खेळ. नाहीतर दहावीचं वर्ष आहे, हे सगळं बंद." मला तर हा खेळ सोडून जगात दुसरं काही दिसतच नव्हतं. मी म्हटलं, निवड झालीच समजा.

स्पर्धेच्या मैदानावर नुसत्या रिंगा उभ्या होत्या. माझा पहिला चेंडू रिंगेवरून थेट पाहुण्यांच्या खुर्च्यांत गेला. दुसराही. तिसऱ्याला पाहुण्यांनी न सांगता खुर्च्या मागे घेतल्या. अगदी शेवटी एक गेला, वरून सरळ, कशालाही न लागता. तोवर निवड करणारे चहाला निघून गेले होते.

परतताना टेम्पोत मी बाईंवर भडकले. "बाई, नियमांचं पुस्तक वाचलं नव्हतं का तुम्ही?"

"वाचलं होतं गं," त्या म्हणाल्या. "एकदा तुम्ही यायच्या आधी ते बोर्ड काढलेही होते. मग वाटलं, दरवर्षी रडत घरी जाणाऱ्या पोरी आत्ता कुठे हसतायत. परत लावले."

मला त्यांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त रडू आलं. अंबरनाथ येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घरी बाबांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "झाली निवड?"

"नाही."

"मग ठरलंय ना आपलं?"

"हो," मी म्हटलं.

सोमवारी आईला सांगितलं, आजपासून दहावीचे जादा तास आहेत, उशीर होईल. आणि मैदानावर गेले.