घराबाहेर न पडता आजारी पडण्याची अट

स्वातंत्र्यानंतरच्या सातव्या उन्हाळ्यात, एप्रिलमधल्या एका मंगळवारी, चिंचवडला राहणाऱ्या एका निवृत्त इंग्रज फोरमनने आमच्या कंपनीच्या आजारपणाच्या विम्याच्या प्रस्तावावर सही करायला नकार दिला. त्यांना पासष्ट वर्षं पूर्ण व्हायला एकोणीस दिवस उरले होते. पासष्टनंतर कोणतीही कंपनी नवा प्रस्ताव घेत नसे.

मी तेव्हा विमा कंपनीच्या पुणे शाखेत इन्स्पेक्टर होतो. विम्यातला इन्स्पेक्टर तपासणी करत नाही, ग्राहक आणतो. मिस्टर हॅलम यांचं नाव मला एका एजंटने दिलं होतं. गृहस्थ रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि नंतर चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. पत्नी वारली होती, मूलबाळ नव्हतं. इंग्लंडमध्ये एक भाची होती. तिकडे सरकारने सगळ्यांसाठी मोफत औषधपाणी सुरू केलं होतं, तेव्हा परत या, असं ती दर पत्रात लिहीत असे. मात्र ती सोय तिथे राहणाऱ्यांसाठी होती. मिस्टर हॅलम यांना चिंचवड सोडायचं नव्हतं. आमच्याकडे कामगारांसाठी सरकारी विमा येऊ घातला होता, पण तो नोकरीत असलेल्यांसाठी. निवृत्त आणि परदेशी अशा माणसासाठी खाजगी कंपन्याच राहिल्या.

आदल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छाती कमजोर झाली आहे, पुन्हा होऊ शकेल.

गोदाबाई नावाच्या विधवा बाईंच्या घराचा अर्धा भाग त्यांनी भाड्याने घेतला होता. एक खोली, स्वयंपाकाची जागा, पुढे ओसरी, अंगण. संडास अंगणाच्या पलीकडे. मी गेलो तेव्हा ते ओसरीतल्या खाटेवर बसून पॉलिसीचा नमुना वाचत होते. हातात मोजपट्टी होती आणि ती ओळीखाली धरून ते ओळ न ओळ वाचत होते. आमचं बोलणं इंग्रजीत होई, मधूनमधून वर्कशॉपच्या हिंदुस्थानीत.

"टिपणीस," ते म्हणाले, "ड्रॉइंगवर माप नसेल तर मी जॉब हातात घेत नाही. इथे माप नाही."

"कशाचं?"

"घराचं."

त्यांची पट्टी सहाव्या कलमावर होती. आजारपणाच्या पॉलिसीत आजारी दिवसांसाठी दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. कलम सहा म्हणत होतं की आजारामुळे माणसाला घराबाहेर पडता येत नसेल, तेवढ्याच दिवसांची रक्कम मिळेल. कलम लंडनमध्ये लिहिलेलं होतं. तिकडे आजारी माणूस माडीवरच्या खोलीत झोपतो, दार लावून घेतो, डॉक्टर जिना चढून येतो. चिंचवडला आजारी माणसाची खाट ओसरीत येते. वारा लागतो, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारपूस करता येते. न्यूमोनियात डॉक्टरांनीही मोकळ्या हवेतच ठेवायला सांगितलं होतं.

"संडास बारा पावलांवर आहे," मिस्टर हॅलम म्हणाले. "न्यूमोनियात मी रोज जात होतो. तुमच्या कलमाप्रमाणे कितव्या पावलावर मी बरा झालो?"

तोवर मी ही पॉलिसी पुष्कळ लोकांना विकली होती. हे कोणी विचारलं नव्हतं.

दुसरा पर्याय मुंबईच्या एका कंपनीचा होता. तिची पॉलिसी फक्त हॉस्पिटलचा खर्च देई, तोही तिच्या यादीतल्या हॉस्पिटलात भरती झाल्यास. त्यांतलं सर्वांत जवळचं पुण्यात होतं. मिस्टर हॅलम यांना हॉस्पिटल नको होतं. घरी आजारी पडता यावं, एवढीच त्यांची मागणी होती. कलमात बदल करून आणला तर सही करतो, असं त्यांनी सांगितलं. असा बदल छापील पॉलिसीला चिठ्ठी जोडून करतात. तिला एन्डॉर्समेंट म्हणतात. ओसरी आणि अंगण धरून घर, एवढीच चिठ्ठी हवी होती.

शाखेचे मॅनेजर दस्तूरसाहेब यांना मी हे सांगितलं.

"टिपणीस, तू विमा विकतो की घरं?"

"साहेब, माणसाचं म्हणणं बरोबर आहे."

"बरोबर असेल. सगळे सही करतात ना? तुझा म्हातारा काय हायकोर्ट आहे?"

तरी त्यांनी आमच्या मुंबईच्या कचेरीला पत्र जाऊ दिलं. मुंबईत अंडररायटर बसत. प्रस्ताव घ्यायचा की नाही आणि कोणत्या अटींवर, हे अंडररायटर ठरवतो. ग्राहकाला तो कधी भेटत नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. घराचा नकाशा पाठवा. पंधरा दिवस उरले होते.

मिस्टर हॅलम यांनी नकाशा स्वतः काढला. शाईने, प्रमाणात, इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत. ओसरीचे खांब, तुळशीवृंदावन, संडासाची पायवाट, सगळं होतं. इतका चांगला नकाशा आमच्या शाखेतून त्यापूर्वी मुंबईला गेला नसावा. मुंबईने एका आठवड्याने कळवलं की नकाशा मिळाला, ओसरी एका बाजूने उघडी दिसते, तिचा वापर कसा होतो हे प्रत्यक्ष पाहायला माणूस येईल.

सहा दिवस उरले असताना कामत नावाचे गृहस्थ आले. त्यांना मी चिंचवड स्टेशनवर घ्यायला गेलो. त्यांच्याकडे छापील प्रश्नावली होती. वाटेत मी त्यांना सांगितलं की इथे ओसरी म्हणजे घरच. ते म्हणाले, "तुम्ही इन्स्पेक्टर आहात. तुम्ही तसंच सांगणार."

ओसरी त्यांनी पावलांनी मोजली. नकाशात माप असताना मोजली. मग गोदाबाईंना बोलावलं. त्या पदर सावरून खांबाशी उभ्या राहिल्या. मिस्टर हॅलम समोर बसले होते. मराठी त्यांना समजत होतं.

"मागल्या थंडीत साहेब आजारी होते?" कामतांनी विचारलं.

"व्हते की. लई आजारी. वाचत्यात का न्हाई, आसं झालं व्हतं."

"तेव्हा ते घरातच होते ना?"

मला वाटलं, काम झालं. गोदाबाईंना मात्र त्या प्रश्नात आपल्यावरचा आळ दिसला.

"घरात? छ्या. घरात कोंडून ठिवाया मी काय कसाई हाय? एक दिस घरात ठिवलं न्हाई बघा. वसरीत खाट टाकली, रातभर शेगडी ठिवली. समदा गाव इचारपूस करून गेला. पाटलाची आई बी येऊन बसली."

"लोक भेटायला येत होते?"

"येत्यात न्हवं? माणूस आजारी, आन् कुनी यायचं न्हाई व्हय?"

कामत लिहीत होते. मी मध्ये पडलो. "गोदाबाई, पण ओसरी घरातच धरतात ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, वसरी ती वसरी. घर आत हाय. तुमी शिकल्याली मानसं, तुमास्नी येवडं कळत न्हाई?"

मिस्टर हॅलम कामतांना म्हणाले, "बाईंनी मला वाचवलं. हे पण लिहा."

"त्यासाठी रकाना नाही," कामत म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला अहवालातलं वाक्य दाखवलं. आजाराच्या काळात प्रस्तावकाला घराबाहेर ठेवण्यात आलं होतं व तो लोकांना भेटत होता. वाक्य शब्दशः खरं होतं.

दोन दिवस उरले असताना तार आली. प्रस्ताव मंजूर, एन्डॉर्समेंट नामंजूर, छातीचे सर्व विकार वगळून. म्हणजे ज्या आजाराची भीती होती तो वगळला होता, आणि बाकीचे आजार घराच्या आत होणं आवश्यक होतं.

मी तार दस्तूरसाहेबांच्या टेबलावर ठेवली.

"मंजूर आहे ना? जा, सही घे."

"साहेब, या पॉलिसीतून त्यांना काही मिळणार नाही."

"ते तू ठरवतो?"

"त्यांनी विचारलं तर सांगावं लागेल."

"नाही विचारलं तर?"

"ते विचारतील. पट्टी घेऊन बसलेत."

मिस्टर हॅलम यांनी विचारलंच. मी सांगितलं. मग त्यांनी हॉस्पिटलवाल्या दुसऱ्या कंपनीबद्दल विचारलं. तिने छाती वगळली होती का? नव्हती. हॉस्पिटलात भरती व्हावं लागत असल्याने त्या कंपनीची आजाराबद्दलची खात्री तिथेच होई. दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, मी मिस्टर हॅलम यांना पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या त्या कंपनीच्या एजंटकडे घेऊन गेलो. न्यूमोनिया झाल्याचं त्यांनी फॉर्मवर स्पष्ट लिहिलं. कंपनीच्या डॉक्टरांनी तिथेच छाती तपासली. दुपारी सव्वाचारला कव्हर नोट हातात पडली. पॉलिसी छापून येईपर्यंत विमा चालू असल्याचा तो कागद. त्यावर वय चौसष्ट होतं.

दस्तूरसाहेबांनी मला लेखी मेमो दिला. स्पर्धक कंपनीस साहाय्य. मी तो सही करून घेतला. त्यानंतर ग्राहकाशी सुरुवातीलाच हप्त्याबद्दल बोलायचं मी सोडलं. तुमच्याकडे आजारी माणसाची खाट कुठे टाकतात, हे आधी विचारू लागलो. त्यामुळे काही ग्राहक गेले.

पुढच्या जानेवारीत मिस्टर हॅलम यांना पुन्हा न्यूमोनिया झाला. गोदाबाईंचा हॉस्पिटलला विरोध होता. तिथून माणूस परत येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पिंपरीच्या माळावर कारखान्याचं बांधकाम चालू होतं. तिथल्या एका लॉरीत खाट चढवून त्यांना पुण्याला नेलं. ते अठरा दिवस वॉर्डात होते आणि बरे होऊन चिंचवडला परतले. कंपनीने दावा पूर्ण मंजूर केला. त्या अठरा दिवसांत गोदाबाई सात वेळा पुण्याला गेल्या. वॉर्डात भेटीची वेळ चार ते पाच होती. शेतातली कामं आटोपून त्यांना मिळणारी गाडी साडेपाचला पुण्यात पोचे.