फोटोतले बाक

नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे गृहस्थ दर उन्हाळ्यात जर्मनीला मुलीकडे जातात आणि तिथले डोंगरावरचे किल्ले पायी फिरून येतात. आल्यावर फोटो दाखवतात. प्रत्येक फोटोत एक लाकडी बाक.

"अहो, किल्ला कुठाय?"

"मागे आहे ना, वहिनी. पण बाक बघा, पाठ कशी छान टेकते."

यंदा जर्मनीतच असलेल्या माझ्या नातीने मला तिकडचा किल्ला बघायला बोलावलंय. हे कळल्यापासून गृहस्थ रोज सकाळी बेल वाजवून मला पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला नेतात. दर वीस पायऱ्यांना "बसा" म्हणतात. दम लागलेला नसतो, तरी बसायचं. डोकं फिरतं माझं.

काल मी चिडून म्हणाले, "विशीत रामशेज किल्ला चढलेय मी."

त्यांनी खिशातून कागद काढला. नातीच्या किल्ल्याची वाट पेन्सिलीने काढलेली, बाक असेल तिथे फुली. शेवटच्या चढावर एकही फुली नव्हती.

"इथे बाक नाही, म्हणून काळजी होती. आता मिटली."

आता माझी पंचाईत झाली. रामशेजला मी मिरवायला उंच टाचांच्या सँडल घालून गेले होते. अर्ध्या वाटेत झाडाखाली बसले आणि घरी येऊन वरून नाशिक कसं दिसतं ते रंगवून सांगितलं. आगाऊ कार्टी होते मी. पन्नास वर्षं तेच सांगतेय.

"अर्ध्यातच बसले होते हो मी."

ते हसले नाहीत. शेवटच्या चढावर त्यांनी फुली मारली आणि शेजारी लिहिलं, 'नातीने घडीची खुर्ची आणावी.'