उन्हाले वन्स मोर

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत पह्यले पलंग चढला, मंग भांडे, मंग मी. जाळं मांडीवर घेतलं होतं. पोरगा म्हने, "माय, गडचांदूरले सिमेंट आहे, तलाव नाई. जाळ्याचं काय करशील?" मी तशीच खाली उतरली, जावेच्या घरी खुटीले जाळं टांगलं अन् पुन्हा येऊन बसली. जाऊ रडली. मी नाई रडली. रडत बसली असती त टेम्पोवाला निघून गेला असता.

हे मी सांगून राह्यली अन् नात लिहून राह्यली. मुलचेऱ्याकडं मांगं राह्यले त्यायच्यासाठी, अन् माझ्यासारखे पोटापायी निघाले त्यायच्यासाठीबी.

आमी ढिवर, मासे धरनारे. तलाव म्हंजे आमचं वावर. सासू होती तवा एक कायदा होता. उन्हाळ्यात तलाव आटला का मधात एक डोह उरते, त्यात जाळं नाई टाकाचं. सासू म्हने, "तिथी बीज आहे. पोट आवळ, पन तिथी हात घालू नको." आमी पोट आवळलं. आंबिल पिऊन दिवस काढले. पानी आलं का डोहातली मरळ पिल्लं घाले, अन् तलाव पुन्हा भरून जाय.

मंग ऊनच बदललं. होळी झाली का तलाव तळाले जाऊन राह्यला. डोहातलं पानी हाताले कढत लागे. मासे वर येऊन तोंड उघडत, अन् सकाळी उलटे दिसत. मरूनच राह्यले त खाऊन तरी घ्या, म्हनून गावानं डोहात जाळे टाकले. कोनाले काय म्हनाव? माझा मालक त्याच्या आंधीच गेला होता. पोराले सिमेंट कंपनीत पोते भराचं काम भेटलं अन् आमी निघालो.

इथी आता मले गॅस लावता येते, कूलरमंधी पानी टाकता येते, मोबाईलात जावेचं तोंड पाहता येते. बजारात मासे बर्फातले भेटते. डोळे पाह्यले का समजते, लई दूरचे आहे बिचारे. मीबी दूरचीच. घेऊन येते, रांधते.

मांगच्या दिवाळीच्या आंधी जावेचा फोन आला. कॉलेजातल्या एक मॅडम गावात हवामान समजवाले येऊन राह्यल्या होत्या. पडद्यावर लाल रेघ दाखवली, वर वर जानारी. एक जन म्हने, "मॅडम, ताप कोनाले आला?" मॅडम हसल्या, रागावल्या नाई. म्हने, मंग मी कसं सांगू ते तुमीच सांगा. गाव म्हने, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिथी दंडार करा, नाचगान्याचं नाटक, सारेच पाहाले येते. दंडारीत तलावाची म्हातारी पाह्यजे होती. जावेनं माझं नाव देल्लं.

मी गेली. मॅडमनं मले जवळ बसवून सांगितलं का कोळसा जळते, पेट्रोल जळते, त्याचा वायू आभाळात जमते. मंग धरतीवर जशी गोधडी पडते, गरमी बाहेरच जात नाई. अन् गरम पान्यात हवा कमी राह्यते, म्हनून मासा तोंड उघडते. ते तोंड मी जन्मभर पाह्यलं होतं. ते काऊन, हे कोनी सांगितलंच नव्हतं. ऐकून बरं वाटलं.

म्या इचारलं, माझ्या पोराच्या कंपनीचाबी धूर त्यात हाय का? त्या म्हने, "हो आजी, त्याचाही. माझ्या गाडीचाही." मले बाई तवाच आवडली.

तिचं सांगनं एवढंच होतं का डोह खोल करा, त्याच्यावर सावली करा, अन् यंदा त्यात जाळं टाकू नका. जाऊ हळूच मले म्हने, "यंदाबी डोह रिता झाला त आमीबी टेम्पो सांगतो, बाई."

दंडारीत ऊन झाला माझा दीर देवराव. त्यानं तोंड उघडलं का गाव हासते. लाल लुगडं नेसून, छातीवर आरशाचे तुकडे लावून, हातात पपईचा पोकळ देठ घेऊन आला. निळं लुगडं अंथरलं होतं, तो तलाव, अन् त्याच्या काठावर मी म्हातारी होऊन बसली होती. देवराव देठानं पानी पिये अन् पायानं लुगडं ओढून घे. सारं पिऊन ढेकर देल्ला. शिट्ट्या वाजल्या, "वन्स मोर!" आमच्या झाडीपट्टीत पब्लिकनं वन्स मोर म्हटलं का नटाले पुन्हा कराच लागते. त्यानं लुगडं अंथरलं, पुन्हा पेला. मले म्हने, "वैनी, सरका, तुमच्या खालचंबी पितो." लोकं लोळून हासले. उन्हालेच हिरो करून टाकलं. मॅडम बाजूले उभ्या होत्या, त्यायचं तोंड उतरलं.

पुन्हा वन्स मोर झालं. देवराव लुगडं अंथराले वाकला, त म्या पदर धरला अन् गोळा करून मांडीत घेतलं. म्हटलं, "नाई देवराव. संपलं."

त्याले वाटलं, वैनी मजा करून राह्यली. म्हने, "पब्लिक मांगून राह्यली ना."

"मांगू दे. लुगडं पुन्हा अंथरता येते. डोहातलं बीज कुठून आनशील?"

देठ त्याच्या तोंडातच राह्यला. मंग तो माझ्या बाजूले खाली बसला. वन्स मोर कोनी म्हटलं नाई. एक म्हातारा उठला अन् मॅडमले इचारे, "खोल म्हंजे कितीक खोल कराचा?"

वैशाखात जावेनं फोन फिरवून डोह दाखवला. वर जांभळाच्या फांद्यायचा मांडव. खाली पानी, थोडंच, पन काळंभोर. बगळे उतरू नये म्हनून भवताल खुट्या ठोकून जाळं बांधलं होतं. म्या गाठीवरून वळखलं, माझंच. देवराव काठावर राखनीले बसला होता, देठ दाखवून म्हने, "वैनी, घोटभर पिऊ का?" म्या म्हटलं, "पिऊन त पाह्य."

पोरगा इचारते, माय, गावाची आठवन येते का? मी त्याले सांगते, टेम्पोत आनलं ते सारं घर इथी आहे बापू. जाळं तेवढं तिथी आहे. कामावर आहे.