ताईला प्रार्थना जमेना

दातांच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली होती. तिथे ताई कवळ्या बनवायची. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या कांड्या, दातांच्या रंगांची पट्टी, आणि सगळ्यावर पांढऱ्या धुळीचा थर. सत्तावीस वर्षं हेच काम. चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या तोंडात तिनंच केलेले दात होते, त्यामुळे उपासनेत गीत सुरू झालं की कुणाची कवळी सैल झाली आहे हे तिला बसल्या जागी कळायचं. सगळे तिला दातवाली ताई म्हणत. रविवारी आजारी आणि अडलेल्या माणसांसाठी मोठ्यानं प्रार्थना करायचं कामही आपसूक तिच्याकडेच आलं होतं. ताईनं प्रार्थना केली की धीर येतो, असं लोक सांगत.

मग तिचा धाकटा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा, कामावर असताना वरून पडला. अकरा दिवस तो इस्पितळात होता आणि अकरा दिवस मंडळी रोज संध्याकाळी जमत होती. प्रार्थनेला पुढे ताईच. बाराव्या दिवशी सकाळी तो गेला.

तेव्हापासून ती प्रार्थनेसाठी डोळे मिटायची आणि तिला फक्त इस्पितळातला तो लांब व्हरांडा दिसायचा. पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटेना. तोंडातून शब्द मात्र सवयीनं, बिनचूक बाहेर पडत. लोक आमेन म्हणत आणि ती मान खाली घालून जागेवर बसे. कुणाला सांगायचं? घरी भावजय होती, तिला तर शक्यच नव्हतं. ती म्हणायची, "ताई, तुम्ही प्रार्थना करता म्हणून मी उभी आहे." हे ऐकलं की ताई काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायची.

अशातच त्यांच्या प्रार्थनामंदिराच्या भिंतीला मोठी भेग पडली. इंजिनियरनं इमारत बंद करायला लावली, जुने पाळक निवृत्त झाले, आणि मंडळीनं पुलापलीकडच्या मंडळीत सामील व्हायचं ठरलं. तिथे एक तरुण पाळकबाई होत्या. वीसेक माणसं गेली, पण पाहुण्यासारखी मागच्या बाकांवर अंग चोरून बसू लागली. प्रार्थनेचं काम तिथेही ताईकडेच राहिलं. काही फिरकलीच नाहीत. त्यांत ऑर्गनवाले काका होते. छापखान्यात नोकरी करून त्यांनी चाळीस वर्षं मंडळीचा ऑर्गन वाजवला होता. नव्या जागी वाजवायला माणूस आधीच होता. पाळकबाईंनी ताईला गाठलं. काका तुमचं ऐकतील, म्हणाल्या, एकदा जाऊन या. ताईनं मान डोलावली खरी, पण तिला धडकीच भरली. जिचा स्वतःचाच पाय घसरलेला, तिनं दुसऱ्याला कसला हात द्यायचा?

ती निमित्त घेऊन गेली. काकांची कवळी हलायला लागली होती. घराबाहेर न पडणाऱ्या म्हाताऱ्यांची मापं घ्यायचं काम डॉक्टर तिच्यावरच सोपवत. काकांनी दार उघडलं आणि आत येण्याआधीच बजावलं, की दातांचं बोलायचं असेल तर ये, मंडळीचं नको. तिनं त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं, गुलाबी लगदा कालवून साच्यात भरला आणि साचा त्यांच्या तोंडात बसवला. घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात, हलू नका, असं सांगितलं.

काका गप्प बसले, कारण इलाजच नव्हता. त्यांचा जबडा हातात धरून ती उभी होती, आणि काय झालं कोण जाणे, ती बोलून गेली.

"काका, मला प्रार्थना जमत नाही. भाऊ गेल्यापासून नाही. मी दर रविवारी खोटं बोलते."

काकांचे डोळे मोठे झाले. त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, तर लाळ हनुवटीवर आली. ती पुसता पुसता तिनं सगळं सांगून टाकलं, भावजयीचंसुद्धा. तीन मिनिटांची पाच झाली. साचा निघाल्यावर काकांनी चूळ भरली आणि तोंड पुसलं.

"मला वाटलं, मला समजवायला आलीस."

"आले होते त्यासाठीच."

ते म्हणाले की बायको गेल्यावर तीन वर्षं आपणही गीतातल्या एका ओळीवर विश्वास नसताना ऑर्गन वाजवला. बोटं चालत होती, म्हणून बसत होतो. कुणाला बोललो नाही, आणि ती तीन वर्षं फार एकट्यानं गेली. मग म्हणाले, "मी रविवारी येतो. तुझ्या शेजारी बसतो. पण तू खोटं बोलू नकोस."

रविवारपर्यंत ताईला चैन नव्हतं. तिनं एका साच्यात दात उलटे बसवले आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. भावजयीला आधी सांगावं असं रोज ठरवायची आणि रोज उद्यावर ढकलायची.

उपासनेत तिची पाळी आली. ती उभी राहिली. वळून पाहणारे निम्मे चेहरे अनोळखी. भावजय तिसऱ्या बाकावर. तिकडे तिनं पाहिलंच नाही.

"मला आज प्रार्थना करता येत नाही," ती म्हणाली. "बरेच दिवस येत नाहीये. आज तुम्ही माझ्यासाठी करा."

पुढच्या रांगेतल्या एका वडीलधाऱ्यांनी पाळकबाईंकडे रोखून पाहिलं. तेव्हा शेजारी काका उठले आणि त्यांनी सगळ्यांना पाठ असलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली, अडखळत, एक ओळ गाळून. मागच्या बाकांवरून आवाज मिसळले, मग पुढच्याही. ताई नुसती बाक धरून उभी होती.

घरी परतताना पुलावर भावजय चार पावलं पुढेच चालत राहिली. घरात आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, "आधी मला सांगायचं होतं, ताई. सगळ्यांसमोर नाही." आणि आत गेली. चार दिवस घरात कामापुरतंच बोलणं होतं. पाचव्या दिवशी जेवायला बसल्यावर भावजयीनं स्वतःच डोळे मिटले आणि एका वाक्यात प्रार्थना केली.

त्या वडीलधाऱ्यांनी ताईचं काम काढून घ्यावं असं सुचवलं. पाळकबाईंनी ते काम ताई आणि भावजय दोघींना वाटून दिलं. आता बुधवारी दोघी आजाऱ्यांच्या घरी जातात. भावजय प्रार्थना करते, ताई आजाऱ्याचा हात धरून बसते. दार वाजवण्याआधी ती अजून थबकते, पलीकडे खरंच कुणी ऐकतंय का असं कुणी विचारलं तर काय सांगू म्हणून. परवा एका बाईनं विचारलंच. ताई म्हणाली, मला अजून ठाऊक नाही. बाईनं तिचा हात सोडला नाही.