नावं संपेपर्यंत उठायचं नाही

सुपरहिरोच्या पिक्चरबद्दल मी कधी मत देईन असं वाटलं नव्हतं. मला त्यांचा रागच येतो. अंगाला चिकटलेले कपडे, पाठीवर झगा, आणि अडीच तास नुसत्या बिल्डिंगी पाडत सुटायचं. माझ्या धाकट्या भावाला मात्र वेड होतं. मासेमारीहून आला की अंगाचा वास जायच्या आत आईला ओढत वेसाव्याहून अंधेरीच्या थिएटरात न्यायचा. आई दिवसभर मासळी विकून दमलेली असायची. ती तिथल्या एसीत मस्त झोप काढायची.

एकदा तो समुद्रात गेला तो आलाच नाही. बोट उलटली, बरोबरचे दोघे सापडले, हा नाही. महिने गेले. देह मिळाला नाही म्हणून आई मानायलाच तयार नव्हती. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळ्यांनी हात टेकले. दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकून घ्या, त्याचा जीव अडकला असेल, असं सांगायला भटजी आले, तर तिने त्यांना दारातूनच परतवून लावलं. त्याच्या जिवाचं मला काही कळत नव्हतं. आईचा जीव अडकलेला मात्र रोज दिसत होता. पहाटे बंदरावर जाऊन उभी राहायची, मासळी घ्यायला नाही, नुसतीच. शेवटी कशी कोण जाणे, क्रियेला हो म्हणाली. सोमवार ठरला. आणि रविवारी सकाळी मला म्हणते, तो ज्याची वाट बघत होता तो पिक्चर लागलाय ना, तेवढा त्याच्या वाटचा बघून येऊ.

गेलो. आता खरं सांगायचं तर पिक्चरमधला समुद्र झकास आहे. वादळाआधी पाणी कसं शिशासारखं काळपट होतं, ते अगदी तसंच दाखवलंय. आई खुर्चीत पुढे सरकून बसली. आवाज असा की खुर्ची हादरावी. पण बाकी सगळी वाट लावलीय. मोठी लाट येते, किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या होड्या उलट्यापालट्या होतात, दोन सेकंद, आणि लगेच कॅमेरा काचेच्या टॉवरकडे. हिरोपण तिकडेच उडाला. अरे बाबा, त्या होड्यांत माणसं होती ना? ती कुणाची होती? शेजारचा आरामात पॉपकॉर्न खात होता. मला इतका संताप आला की उठून पडद्यासमोर उभं राहावंसं वाटलं. बरं, हिरो पाण्यात उडी मारतो ती कमरेला दोर न बांधता, आणि वर येतो तेव्हा भांगसुद्धा जागेवर. दोराने सोललेला तळहात अख्ख्या पिक्चरमध्ये एकाचाही नाही. ह्यांनी कसला डोंबलाचा समुद्र बघितलाय?

शेवटी मात्र शहर वाचवून हिरो बुडतो. खाली खाली जात राहतो, आणि मग काळोख. आई रडायला लागली. इतक्या महिन्यांत तिच्या डोळ्यांतून टिपूस नव्हतं आलं. पदर तोंडात धरून ती गदगदून रडली, आणि मला वाईट वाटण्याऐवजी सुटल्यासारखं झालं. आम्हाला कुणाला जमलं नाही ते ह्या भिकार पिक्चरने केलं. दिवे लागले. लोक उठले. मीही पर्स उचलली.

आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. नावं संपेपर्यंत उठायचं नाही, म्हणाली. हे तिला त्यानेच शिकवलं होतं. झोपलेली असली तरी शेवटी हलवून उठवायचा, कारण ह्या पिक्चरांत खरी गोष्ट नावांनंतर असते म्हणे. परदेशी नावं वर सरकत राहिली. झाडूवाला दाराशी थांबला होता. मग पडदा पुन्हा काळा झाला, समुद्राचा तळ दिसला, आणि हिरोची बोटं हलली.

पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. माझ्या तोंडून माझ्या भावाचं नाव निघालं. आईने ते ऐकलं.

रिक्षात तिने डोळे पुसले, पदर नीट केला. चेहरा पुन्हा बंदरावर असतो तसा झाला होता.

"उद्याचं नको," ती म्हणाली.

"आई, पिक्चर आहे गं तो."

"माहितेय मला. वेडी नाही मी."

मी पर्समधून रिक्षाचे पैसे मोजायला लागले. मग तिने विचारलं, ह्याचा पुढचा भाग कधी येतो. दोनेक वर्षं तरी लागतील, मी म्हटलं.

"मग तोवर थांबू," ती म्हणाली, आणि भटजींना आत्ताच फोन कर म्हणून मागेच लागली.

मी फोन लावला. उद्या नको म्हणून सांगितलं. ते काही रागावले नाहीत, मग कधी, एवढंच विचारत होते. आई माझ्याकडे बघत होती.