एकाच वाक्याचे चार अनुवाद

बाई गेल्याचा फोन तलासरीहून त्यांच्या भाचीने केला, तेव्हा मी डहाणूच्या ऑफिसात एका गिऱ्हाइकापुढे फुशारकी मारत होतो, की आमचं सॉफ्टवेअर आता कसं सुसाट पळतं. महिना झाला त्याला. एक गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती बाईंना तोंडावर सांगायची होती, पण धीर झाला नाही...

शाळेत त्यांनी मला मराठी शिकवलं. त्या निवृत्त झाल्यावर मीच हातापाया पडून त्यांना माझ्या अनुवादाच्या कामात ओढलं. आरोग्याची पत्रकं, औषधांच्या सूचना इंग्रजीतून मराठीत करायच्या. केलेलं प्रत्येक वाक्य सॉफ्टवेअर साठवून ठेवतं आणि तेच वाक्य पुन्हा आलं की जुना अनुवाद पुढ्यात आणून देतं. सगळे एका वाक्याला एक अनुवाद ठेवतात. बाई चार-चार ठेवायच्या. 'जेवणानंतर गोळी घ्या' एवढंच वाक्य असलं, तरी पत्रक कुणाच्या हातात पडणार ते आधी विचारायच्या, मग ऑफिसखालच्या एसटी स्टॉपवर नाहीतर बाजारात जाऊन कुणाला तरी वाचून दाखवायच्या आणि अनुवादाखाली शेरा टाकायच्या, 'नरपडच्या मासेवालीला समजलं.' किंवा, 'कासाच्या बाजारात दोघींना नाही समजलं, बदलते.'

"अहो बाई, एवढा खटाटोप कशाला? मराठी ती मराठीच ना?" एकदा मी वैतागून म्हटलं.

"तुला तरी शाळेत पहिल्या फटक्यात कधी काही समजलं होतं का रे, संजय?"

मी पुढचं वाक्य उघडलं.

साठा फुगत गेला. एकेका वाक्याला मशीन शोधत बसायचं, पडद्यावर चक्र गरगरत राहायचं आणि मी टेबलावर बोटं आपटायचो. बाई मात्र पिशवीतून चिकू काढायच्या, नखाने साल सोलायच्या आणि अर्धा माझ्यापुढे सरकवायच्या. "खा. शोधतंय बिचारं."

मग त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या आणि नेमकं तेव्हाच घाईचं मोठं काम आलं. मशीन सारखं अडकत होतं. माझं डोकं फिरलं. प्रत्येक वाक्याचा सगळ्यात नवा अनुवाद ठेवला, बाकीचे शेऱ्यांसकट उडवले. जागा अडते म्हणून साठ्याची जुनी प्रतही पुसून टाकली. केवढा शहाणा मी! सॉफ्टवेअर असं पळायला लागलं, की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

बाई परत आल्या, चष्मा पुसून पडद्यासमोर बसल्या. "अरे, माझी नरपडची बाई कुठे गेली?"

"सर्व्हर बिघडला होता, बाई. कंपनीवाल्यांनी घोळ घातला."

धादांत खोटं. शाळेत गृहपाठ न करता त्यांना थापा मारायचो, तशीच ही थाप. त्यांनी "बरं" म्हटलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. पुढची दोन वर्षं त्या उन्हातान्हात स्टॉपवर जाऊन तीच वाक्यं पुन्हा वाचून दाखवत होत्या. मी खिडकीतून बघायचो. खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नाही बोललो. लाज वाटते आता लिहितानाही.

गेल्या आठवड्यात त्यांचं खातं बंद करायला सॉफ्टवेअरमधली बदलांची नोंद उघडली. तिथे कधी कुणी फिरकत नाही. कुणी काय पुसलं ते नावासकट लिहिलेलं असतं. माझं नाव होतं. त्याखाली शेऱ्याच्या चौकटीत बाईंनी लिहिलं होतं, 'वाचलं. समजलं.' तारीख त्या रजेवरून परतल्या त्याच आठवड्यातली... म्हणजे दोन वर्षं बाईंना सगळं ठाऊक होतं. आणि रोज अर्धा चिकू माझ्यापुढे येतच होता. बाई, एकदा तरी रागवायचं होतं हो मला!

काल एक पत्रक आलं. त्यातलं पहिलंच वाक्य बाईंकडून पुन्हा लिहायचं राहून गेलेलं. मशीनने क्षणात उत्तर दिलं, एकुलतं एक. मी तरीही चिकू सोलला, अर्धा त्यांच्या खुर्चीसमोर ठेवला आणि कागद घेऊन स्टॉपवर गेलो. कासाच्या गाडीची वाट बघणाऱ्या एका बाईला ते वाक्य वाचून दाखवलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाय समजलं, भाऊ. परत सांगा."