दप्तराला पाय लागला तर

शाळेच्या बसचालकांना आपत्कालीन प्रशिक्षण मिळणार होतं, म्हणून मी बातमीसाठी महाडला गेले होते. त्याच शाळेच्या एका बसने माझी मुलगी पोलादपूरहून रोज ये-जा करायची. ती तेव्हा चौथीत होती. बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने सकाळभर चालकांना आग कशी विझवायची, काच कुठे फोडायची, अनोळखी माणूस मुलाला न्यायला आला तर काय करायचं, हे सांगितलं. मग मैदानात बस उभी केली आणि मुलं आत बसवली. शिटी वाजली की सगळ्यांनी मागच्या संकटकालीन दारातून उतरायचं, एवढंच करायचं होतं.

शिटी वाजली. पहिली काही मुलं उतरली आणि रांग थांबली. बाकांमधल्या वाटेत कुणाचं तरी दप्तर पडलं होतं. माझ्या मुलीचा पाय त्याला लागला होता आणि ती वाकून, दप्तराला हात लावून नमस्कार करत होती. तिच्यामागच्या मुलीनेही तेच केलं. तिच्यामागच्या मुलानेही. विद्येला पाय लागला की नमस्कार करायचा, हे मीच तिला शिकवलं होतं, घरोघरी शिकवतात. शिक्षक कौतुकाने हसले. प्रशिक्षकही हसला.

त्या बसचा चालक हसला नाही. तो उमरठकडचा, पन्नाशीतला. बरीच वर्षं घाटात ट्रक चालवून शाळेच्या बसवर आलेला. त्याने मुलांना पुन्हा जागेवर बसवलं आणि बजावलं, दप्तर टाकून द्यायचं, पाय लागला तर लागू द्यायचा, थांबायचं नाही. दुसऱ्या खेपेलाही मुलं वाकली. तेव्हा त्याने सांगून टाकलं की आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर हे करायचं, दप्तरांसकट.

मी पाठवलेली बातमी ‘प्रशिक्षण उत्साहात संपन्न’ या मथळ्याखाली छापून आली. नमस्काराचा मजकूर कापला गेला होता.

पावसाळ्याचे दिवस होते. दोन शनिवारी बुटांच्या चिखलाने माखलेली दप्तरं घरोघरी गेली आणि शाळेत तक्रारी आल्या. संस्थेच्या चिटणीसांनी पालकांची सभा घेतली. त्यांचं म्हणणं सौम्य होतं. सराव हवाच, पण दप्तरं वर्गात ठेवून करावा. मुलांना सरस्वती तुडवायला शिकवणारी शाळा, असं नाव व्हायला नको.

"दप्तरं वर्गात ठेवून अपघात होत नाय, साहेब," चालक म्हणाला.

चिटणीसांनी आवाज न चढवता सांगितलं की हा संस्थेचा निर्णय आहे. मान्य नसेल तर सोमवारपासून दुसरा चालक पाहावा लागेल. चालकाने खिशातून बसची चावी काढून टेबलावर ठेवली.

"बघा दुसरा. पण पोरं आतमध्ये वाकत बसली, तर त्यांना बाहेर कसं काढणार, ते त्याला आधी विचारून घ्या."

मागून बिरवाडीचा एक पालक उठला. तो कारखान्यातून पाळी संपवून थेट आला होता, अंगावर कंपनीचा गणवेश होता. "आमच्याकडं धोक्याचा भोंगा झाला का जेवणाचा डबा टाकून पळतो आम्ही," तो म्हणाला. "अन्नपूर्णा आजपर्यंत रुसली नाय. सरस्वतीच कशी काय एवढी तापट?"

लोक हसले. चिटणीस हसले नाहीत. मग मी उठून सांगितलं की रांग अडवणारी ती मुलगी माझी. आग खरी असती तर तिच्यामागचं एकही मूल बाहेर आलं नसतं. माझी मुलगी दप्तरांसकटच सराव करणार. काही हात वर झाले, सगळे नाहीत. येत्या शनिवारी स्वतः पाहून ठरवतो, असं म्हणून चिटणीसांनी चावी चालकाकडे सरकवली.

शनिवारी ते आले आणि हात मागे बांधून नेमके बसच्या मागच्या दाराखाली उभे राहिले. मुलं आत बसली होती. चालकाने स्वतःच्या हाताने वाटेत चार-पाच दप्तरं टाकली, दार उघडलं आणि शिटी तोंडात धरण्याआधी खाली पाहिलं.

"साहेब, बाजूला व्हा. पोरं येतायत."

चिटणीस बाजूला झाले. शिटी वाजली आणि मुलं दप्तरांवरून धडाधड बाहेर आली. माझी मुलगी तिसरी होती. कोणीही वाकलं नाही.